दोन्ही हात मोकळे

आमच्या घडीताईला दोन खोडी आहेत. पहिली म्हणजे तिच्या हातात कुठलीही सपाट गोष्ट टिकत नाही. बसचं तिकीट, औषधाची चिठ्ठी, बिस्किटाच्या पुड्याचा कागद, काहीही द्या. बोलता बोलता ती ते अर्ध्यात दुमडते, मग पुन्हा अर्ध्यात, आणि तुमचं बोलणं संपेपर्यंत तिच्या हातात वाटाण्याएवढी गोळी उरते. दुसरी खोड म्हणजे भीती वाटली की तिला हसू येतं. साधंसुधं नाही. आधी खांदे हलतात, मग नाक लाल होतं, मग तोंड दाबून धरलं तरी बोटांच्या फटीतून आवाज निसटतो, आणि एकदा निसटला की आसपासच्या कुणाचीच धडगत नसते. आम्हाला कशाला हसतोय हे माहीत नसतं, पण पोट धरून हसत असतो.

मी तिच्याबरोबर हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत एकवीस वर्षं काम करते आहे. माझं काम फाटकं शिवण्याचं. लॉन्ड्री तळघरात आहे. अठरा पायऱ्या उतरलं की डावीकडे धुण्याची तीन मोठी यंत्रं, उजवीकडे गरम रोलर, मधे घड्या घालायचं लांबच लांब टेबल, आणि कोपऱ्यात माझं शिवणयंत्र. खिडक्या छताला लागून आहेत, त्यातून फक्त रस्त्यावरच्या लोकांचे पाय दिसतात. दिवसभर वाफ असते. केस कुरळे हवे असतील तर आमच्याकडे नोकरी धरावी.

यंत्रं चालवतो तो इंजिन. धिप्पाड माणूस, दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलतो, बाकी नुसता फुसफुसतो. रोलरवर नणंद आणि वहिनी. या खरोखरच्या नणंद-भावजय आहेत. ही गोष्ट घडली तेव्हा एका पडद्याच्या रंगावरून त्यांचं बोलणं तीन वर्षं बंद होतं, पण चादर दोघींना मिळूनच धरावी लागते, त्यामुळे दिवसभर समोरासमोर उभ्या राहून एकमेकींच्या खांद्यावरून भिंतीकडे बघत दोनशे चादरी दुमडायच्या. आणि कपड्यांची गाडी वर-खाली नेणारा तो वारा. त्याला हळू चालता येत नाही.

घडीताई इथं कशी आली तीही गंमतच आहे. तिचा नवरा दुकानांच्या पाट्या रंगवतो. लग्नाला दोन वर्षं झाली असताना तो शिडीवरून पडला, उजवा हात मोडला, आणि तीन आठवडे याच हॉस्पिटलमध्ये होता. ही रोज त्याच्यापाशी बसायची. बसून बसून काय करणार? हिनं त्याची चादर काढून नीट घातली, मग शेजारच्याची, मग अख्ख्या वॉर्डाची, मग कपाटातले टॉवेल. तिसऱ्या दिवशी हेडनर्सनं विचारलं, "तू कोणाची कोण?" ही घाबरून जी हसत सुटली ती थांबेचना. नर्स म्हणाली, "हसून काम करणारी बाई मला पहिल्यांदाच दिसली, खाली जागा आहे, जा." नवरा घरी गेला आणि ही तळघरात उतरली, ती तेवीस वर्षं तिथंच.

तेव्हापासून आमचे प्रमुख होते भोंगासाहेब. माणूस वाईट नव्हता. पण इंजिनच्या यंत्रांवरून आवाज पोचवायचा म्हणून ओरडायला लागले आणि मग यंत्रं बंद असली तरी ओरडतच राहिले. ते निवृत्त झाले आणि ऑफिसनं मुलाखती घेतल्या. घडीताई सगळ्यात जुनी म्हणून तिलाही बोलावलं. आत पाच जण बसलेले पाहून तिचे खांदे हलायला लागले. पहिल्या प्रश्नाला ती हसली, दुसऱ्याला जास्त हसली, तिसऱ्याला पाचही जण हसत होते. नंतर कळलं की तिच्या नावापुढे लिहिलं होतं, "कमालीचा आत्मविश्वास."

नेमणुकीचं पत्र आलं ते तिनं वाचता वाचताच दुमडलं. दुपारी ऑफिसनं सहीसाठी परत मागितलं, तेव्हा इंजिनला ते रोलरखालून काढून सपाट करावं लागलं.

"आता काय करू गं मी?" ती मला म्हणाली. "मला ओरडता येत नाही."

"ओरडू नकोस," मी म्हटलं.

"मग लोक काम कसं करतील?"

आम्ही दोघी हसलो. ती घाबरून, मी तिला बघून.

महिन्याभरात हॉस्पिटलच्या प्रशासक बाईंनी, त्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो, सगळ्या विभागप्रमुखांना एक दिवसाच्या शिबिराला बसवलं. शिकवायला ब्लेझर घातलेले एक गृहस्थ आले होते. त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, "सामायिक दृष्टी." मग म्हणाले, "डोळे मिटा. पाच वर्षांनंतरचा तुमचा विभाग डोळ्यांसमोर आणा." घडीताईनं डोळे मिटले. तिला तेच तळघर दिसलं, तीच वाफ, तेच पाय. फक्त ती स्वतः जरा जाड झाली होती. तिला हसू फुटलं. "बघा!" ब्लेझरवाले आनंदानं ओरडले, "यांना दिसलं!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. येताना तिला एक जाडजूड फाइल मिळाली आणि चार महिन्यांत आपल्या विभागाची दृष्टी लिहून द्या असं काम मिळालं.

ते लिहायला घरचे सगळे बसले. नवरा खूश. "लांब शब्द घाल," तो म्हणाला, "लांब शब्द पाटीवर उठून दिसतात." रात्रीची भांडी होईपर्यंत त्यानं मजकूर तयार केला: "गुणवत्ता, तत्परता व आपुलकी यांच्या सुरेख मिलाफातून सर्वोत्कृष्टतेकडे अविरत वाटचाल." सासूबाईंनी तो दोनदा वाचून घेतला आणि विचारलं, "हे वाचून चादर धुतली जाते का?" त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. नवऱ्यानं पाटी रंगवली, तीन रंगांत, अक्षरांना सावली देऊन, आणि आम्ही ती रोलरच्या वर टांगली.

वाफेनं तिसऱ्या दिवशी रंगाला फोड आले. पाचव्या दिवशी बारीक बारीक तुकडे गळायला लागले. आठव्या दिवशी "सर्वोत्कृष्टतेकडे"मधलं "कृ" खालचं शेपूट पडलं आणि पाटीवर "सर्वोत्कष्टतेकडे अविरत वाटचाल" असं उरलं. इंजिननं जेवणाच्या सुट्टीत वर मान करून ती पाटी वर्षानुवर्षं काही वाचलं नसावं इतक्या सावकाश वाचली.

"खरं आहे," तो म्हणाला.

ते त्या दिवसातलं त्याचं चौथं वाक्य होतं. घडीताई टेबलावर डोकं टेकून इतकी हसली की तिच्या कपाळावर टॉवेलची नक्षी उमटली. पण हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "अगं, ही पाटी मी लिहिली, माझ्या नवऱ्यानं रंगवली. यात तुम्ही कुठं आहात?" आणि तिनं दाराजवळ एक चिठ्ठी लावली: "सामायिक दृष्टीसाठी सर्वांनी शुक्रवारी तीन वाजता टेबलापाशी जमावे."

शुक्रवारी तीन वाजता सगळे वेळेवर हजर. इतके वेळेवर की तिलाच शंका आली. इंजिननं केस विंचरले होते आणि हातात एक पिवळा पडलेला कागद होता. वारा एक डोळा झाकून समोरच्या डब्यावरची अक्षरं वाचून बघत होता.

"हा कागद कसला?" घडीताईनं विचारलं.

"मागचा नंबर," इंजिन म्हणाला.

"कसला नंबर?"

"चष्म्याचा. डोळे तपासणार ना?"

सगळ्यांना तसंच वाटलं होतं. खोटं कशाला बोलू, मलाही. त्यात नणंद आणि वहिनी या दोघींत मिळून एकच चष्मा. वहिनीचा फुटला तेव्हापासून नणंदेचाच दोघी वापरायच्या, पण बोलणं बंद असल्यामुळे मागायचा माझ्यामार्फत. "तिला म्हणावं चष्मा दे." "तिला म्हणावं आत्ताच तर घेतला होता." तीन वर्षं मी या चष्म्याचं पोस्ट ऑफिस होते. तर नणंद म्हणाली, "हिला स्वतंत्र चष्मा द्या, सामायिक दृष्टी आम्हाला आधीपासून आहे." घडीताई खाली बसली. जमिनीवर. उठताच येईना. इंजिनसुद्धा हसला, आणि इंजिन हसला की टेबल हलतं.

डोळे पुसत पुसत तिनं विचारलं, "बरं, आता आलाच आहात तर सांगा. तुम्हाला इथून काय दिसतं?"

"पाय," वारा खिडकीकडे बघून म्हणाला.

"फेस," इंजिन.

"चादर," नणंद म्हणाली. वहिनीलाही तेच म्हणायचं होतं, पण नणंदेचं उत्तर कसं वापरणार, म्हणून ती म्हणाली, "टॉवेल."

"भोक," मी म्हटलं. मी दिवसभर भोकंच बघते.

"आणि हे सगळं इथून कुठं जातं?"

"वर."

"वर काय आहे?"

वर वॉर्ड आहेत हे माहीत होतं. पण वारा गाडी दाराशी ठेवून पळतो, आणि बाकी आम्ही कुणी सतरा-सतरा वर्षांत वॉर्डात पाऊल टाकलेलं नव्हतं. घडीताईनं दाराजवळची चिठ्ठी काढली आणि दुमडायला लागली. वाटाण्याएवढी झाल्यावर म्हणाली, "वर जाऊन झोपायचं."

तीन नंबरचा वॉर्ड तेव्हा रंगकामासाठी रिकामा होता, सोमवारी परत सुरू होणार होता. शनिवारी दुपारी तासभर आम्हाला तिथं पेशंट होऊ द्या, असं सांगायला ती मोठ्या बाईंकडे गेली. काय बोलली ते तिलाही आठवत नाही, कारण ती सुरुवातीपासून हसत होती. बाईंनी आधी तिला पाणी दिलं, मग त्याही हसायला लागल्या, आणि हसता हसता हो म्हणाल्या. त्या कशाला हो म्हणाल्या हे त्यांना नंतर कळलं.

शनिवारी आम्ही आमचेच धुतलेले गाऊन कपड्यांवरून चढवले, आमच्याच चादरी घातल्या आणि आडवे झालो. पहिली पाच मिनिटं नुसता दंगा. नणंद आणि वहिनी मुद्दाम दोन टोकांच्या खाटांवर. इंजिनचे पाय घोट्यापासून पुढे खाटेबाहेर. मग हळूहळू एकेक कळायला लागलं. माझ्या पाठीखाली काहीतरी टोचत होतं. चाचपडून पाहिलं तर चादरीच्या अगदी मधोमध लावलेलं ठिगळ, जाड दोऱ्याचं, माझ्याच हातचं. इतकी वर्षं मी ते भक्कम झालं म्हणून खूश होत होते. ते ज्याच्या पाठीखाली असतं त्याला मी कधी विचारलंच नव्हतं.

इंजिनला तर झोप लागली. तेवढ्यात एक नवी नर्स रक्तदाबाचं यंत्र घेऊन आत आली. वॉर्ड सुरू झाला की काय, असं तिला वाटलं असणार. तिनं सरळ इंजिनच्या दंडाला पट्टा बांधला. तो दचकून जागा झाला.

"मी लॉन्ड्रीतला आहे," तो म्हणाला.

"हो हो, काका, पडून राहा."

"मी कपडे धुतो."

"घरी गेल्यावर धुवा. रक्तदाब वाढलाय तुमचा."

आम्ही उशीत तोंडं खुपसून मरत होतो. घडीताई हसता हसता खाटेवरून घरंगळली, तेव्हा त्या मुलीनं यंत्र टाकलं आणि तिला उचलायला धावली. सगळं समजावून सांगेपर्यंत पंधरा मिनिटं गेली. (इंजिनचा रक्तदाब खरंच वाढलेला निघाला. तेव्हापासून गोळी चालू आहे. त्या मुलीचे तो अजून उपकार मानतो.)

मग घडीताई म्हणाली, "आता उठा आणि त्या टोकाच्या माठातून दोन-दोन पेले पाणी घेऊन या."

उठलो. आणि उठताक्षणी प्रत्येकाचा एक हात आपोआप पाठीमागे गेला. गाऊनला मागे बांधायला नाड्या असतात. असतात म्हणजे असायला हव्यात. माझ्या गाऊनला एक होती, घडीताईच्या गाऊनला एकही नाही, वाऱ्याच्या गाऊनला दोन होत्या पण दोन्ही एकाच बाजूला. आत कपडे होते तरी हात मागेच. दोन पेले कुणालाच आणता येईनात. एका हातानं गाऊन मुठीत धरून आम्ही रांगेनं परत येत होतो, तेव्हा शेजारच्या वॉर्डाच्या दारात एक म्हातारे गृहस्थ उभे दिसले. निवृत्त शिक्षक होते, पोटाचं ऑपरेशन झालेलं. एका हातात सलाइनचा दांडा, दुसरा हात मागे. त्यांनी आमची वरात बघितली.

"नवीन दाखल झालात?" ते म्हणाले. "इथं नियम सोपा आहे. एक हात सलाइनला, एक हात अब्रूला. नाक खाजलं तर नर्सला बोलवा."

हसलो तर खरं, पण ते हसणं मधेच तुटलं. गुरुजी मात्र हसतच हळूहळू मागे सरकत गेले. पाठ फिरवून जायची सोय नव्हती त्यांना.

घडीताई जवळच्या खाटेवर बसली. "माझ्या नवऱ्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता," ती म्हणाली, "आणि डावा गाऊन धरण्यात. तीन आठवडे मी त्याला चमच्यानं चहा पाजला. मला वाटायचं लाड करून घेतोय. मला माहीत होतं गं हे. खाली उतरले आणि विसरले."

खाली आल्यावर आम्ही शंभर गाऊन टेबलावर पसरून बघितले. त्रेसष्टांना धड नाड्या नव्हत्या.

इथं तिची पहिली चूक झाली. सोमवारी ती एक यादी घेऊन आली. रात्रभर बसून केली होती. इंजिननं यंत्र हळू फिरवायचं म्हणजे नाड्या तुटणार नाहीत, मी रोज पन्नास नाड्या लावायच्या, नणंदेनं हे, वाऱ्यानं ते. इंजिन म्हणाला, "हळू फिरवलं तर पाणी राहतं. वाळायला दुप्पट वेळ. चार वाजताचा माल वर जाणार नाही." ती म्हणाली, "जमवा." तो म्हणाला, "नाही जमत." आणि मग ती ओरडली. खरंच ओरडली, थेट भोंगासाहेबांच्या पट्टीत. "सांगितलंय तेवढं करा!"

इंजिन फुसफुसलाही नाही. त्या दिवशी तिला एकदाही हसू आलं नाही, आणि ते आम्हाला ओरडण्यापेक्षा जड गेलं.

दुसऱ्या दिवशी ती आली, ती यादी तिनं सगळ्यांसमोर दुमडून दुमडून गोळी केली आणि खिशात टाकली. "मला काय दिसलं ते मी सांगत सुटले," ती म्हणाली. "तुम्हीही वर आला होतात. तुम्हाला काय दिसलं ते विचारायचंच राहिलं. चुकलं माझं."

मग इंजिन म्हणाला, "नाड्या एकमेकींत अडकून तुटतात. जोरानं नाही." आणि उठून त्यानं जुनी रजईची खोळ आणली. "यात दहा-दहा गाऊन भरून टाकले तर बाहेर अडकणार नाहीत. जोर तेवढाच ठेवता येईल." इतकं सलग तो कधी बोलला नव्हता. आम्ही त्याच्याकडे बघतच राहिलो, तसा तो लाजला.

मग धरणच फुटलं. मी म्हटलं, बाद झालेल्या चादरींच्या कडा मजबूत असतात, त्या फाडून मी नाड्या करीन, नवं काही आणायला नको, आणि ठिगळं यापुढे पायाच्या बाजूला. वारा म्हणाला, मी नर्सना सांगतो, नाडी तुटली असेल त्या गाऊनच्या बाहीला गाठ मारा, म्हणजे खाली आल्यावर शोधायला नको. नणंद म्हणाली, घडी अशी घालू की नाड्या वर दिसतील. वहिनी म्हणाली, पण आधी दोन्ही ओढून बघायला हव्यात, एकटीला नाही जमणार. एवढं बोलून ती थांबली. आता ओढणार कोण, तर समोर एकच माणूस.

नणंदेनं एक गाऊन उचलला, एक नाडी स्वतः धरली, दुसरी टेबलावरून पुढे सरकवली.

"ओढ," ती म्हणाली.

"ओढतेच आहे," वहिनी म्हणाली.

तीन वर्षांनी! मी शिवणयंत्राचं चाक हातानं थांबवलं, आणखी काही बोलतात का ते ऐकायला. वहिनी म्हणाली, "जोरात ओढ की, पडद्याची दोरी नाही ती." झालं! मला वाटलं, पुन्हा तीन वर्षं. पण नणंद खुदकन हसली, आणि मग दोघी नाड्या धरून रस्सीखेच खेळल्यासारख्या मागे-पुढे व्हायला लागल्या.

"पण हे सगळं कशासाठी, ते एका दमात सांगता आलं पाहिजे," घडीताई म्हणाली. "नव्या माणसालाही कळेल असं."

वहिनीनं ओढता ओढता सहज म्हटलं, "कशासाठी म्हणजे? दोन्ही हात मोकळे."

त्यावर कुणाला काही घालावंसं वाटलं नाही. संध्याकाळी घरी नवरा मात्र हिरमुसला. "तीनच शब्द? सावली तरी कुठं देऊ?" सासूबाई म्हणाल्या, "हे कळलं मला." पाटी आम्ही लावलीच नाही. गरज पडली नाही.

पुढचे तीन महिने काय धमाल होती म्हणून सांगू! सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिल्या आठवड्यात मी नाड्यांसाठी ऑपरेशन थिएटरच्या हिरव्या चादरी फाडल्या, त्यांचा रंग गेला आणि चाळीस पांढरे गाऊन हिरव्या पट्ट्यांचे होऊन निघाले. मी रडकुंडीला आले होते. वाऱ्यानं ते मुलांच्या वॉर्डात नेऊन दिले आणि धावत परत आला, "अजून आहेत का, विचारतायत!" एकदा इंजिननं खोळीचं तोंड बांधलं नाही आणि दहा गाऊन, तीस टॉवेल आणि त्याचा स्वतःचा डबा एकत्र धुऊन निघाला. डबा इतका चकचकीत झाला की पुढच्या धुण्यात वाऱ्यानं आपलाही टाकायची परवानगी मागितली. वर डॉक्टर पेशंटची नाडी बघतात, खाली आम्ही बघतो, असा विनोद दिवसातून सहा वेळा व्हायचा आणि सहाही वेळा आम्ही हसायचो.

गंमत म्हणजे घडीताई आता कुणाला फार काही सांगतच नव्हती. कोणी विचारलं, "ताई, हे असं करू का?" तर ती विचारायची, "हात मोकळे होतील का?" एवढ्यावर ज्याचं त्याला उत्तर मिळायचं.

मग मोठ्या बाईंच्या सभागृहात सगळ्या विभागांनी आपापली दृष्टी मांडायचा दिवस आला. ब्लेझरवालेही होते. एकेक प्रमुख उठून पडद्यावर बाण आणि वर्तुळं दाखवत होता. घडीताई एक पिशवी घेऊन गेली होती. सोबत मी, धीर द्यायला. तिचं नाव पुकारलं आणि तिचे खांदे हलायला लागले. मी मनात म्हटलं, आता सगळं संपलं.

ती पुढे गेली, पिशवीतून गाऊन काढला. "मोठ्या बाई, जरा हा घालता का? कपड्यांवरून?" आवाज हसण्यानं फाटत होता. सभागृहात चुळबुळ झाली. बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, आणि उठून घातला. तो मुद्दाम ठेवलेला होता, नाड्या नसलेला. मग तिनं त्यांच्या एका हातात सलाइनचा दांडा दिला, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला दिला आणि म्हणाली, "आता दारापर्यंत जाऊन या."

बाई दोन पावलं गेल्या. गाऊन मागून उघडला. त्यांनी पेल्याचा हात मागे नेला, पाणी सांडलं. दांड्याचा हात मागे नेला, दांडा ब्लेझरवाल्यांच्या पायावर. तिसऱ्या पावलाला त्या स्वतःच हसायला लागल्या, आणि मग सगळं सभागृह. घडीताईला तर उभं राहता येईना. मग तिनं दुसरा गाऊन काढला, बाईंच्या पाठीशी नाड्या बांधल्या, आणि त्या दांडा आणि पेला घेऊन ताठ मानेनं दारापर्यंत जाऊन आल्या.

"आणि तुमची दृष्टी?" ब्लेझरवाल्यांनी पाय चोळत विचारलं. "लिहून आणली आहे ना?"

"झाली की दाखवून," घडीताई म्हणाली. "दोन्ही हात मोकळे. इंजिनला विचारा, वहिनीला विचारा, कुणीही हेच सांगेल."

खरंच विचारलं त्यांनी! दुसऱ्या दिवशी तळघरात उतरून, एकेकाला वेगळं गाठून. इंजिन म्हणाला, "दोन्ही हात मोकळे," आणि त्यांना एक खोळ धरायला लावली. अर्धा तास ते ब्लेझर काढून गाऊन भरत होते.

चौथ्या महिन्यात आम्ही पुन्हा शंभर गाऊन पसरले. नाड्या नसलेले चारच निघाले. घडीताईला ते चारही आवडले नाहीत, पण त्याच दुपारी वारा जिन्यावरून ओरडतच आला, "आधी वर चला, आधी वर!" चार नंबरच्या वॉर्डाच्या बोळात दोन पेशंट, दोघेही साठीच्या पुढचे, मोज्यांचा बोळा करून चेंडूसारखा झेलत होते. दोन्ही हातांनी. मधे हेडनर्स "अहो टाके, टाके!" म्हणून ओरडत होती. एकानं वर हात करून असा झेल घेतला की अख्ख्या बोळानं टाळ्या दिल्या. आम्ही पाळीपाळीनं जाऊन बघून आलो. इंजिन तर दोनदा गेला.

याला आता चार वर्षं झाली. घडीताई अजून आमची प्रमुख आहे. तिला अजून ओरडता येत नाही. नणंद आणि वहिनी आता इतक्या बोलतात की त्यांना गप्प करायला दुसरा भोंगासाहेब आणावा लागेल, आणि चष्मे दोन झाले आहेत. ऑफिस मधून मधून इतर विभागांच्या प्रमुखांना तिच्याकडे शिकायला पाठवतं. ती घाबरते, हसते, आणि म्हणते, "मला काही सांगता येत नाही हो, तुम्ही वर जाऊन झोपून या."

काल हॉस्पिटलच्या स्वयंपाकघराचे प्रमुख आले होते. वजनदार गृहस्थ, हातात चार पानांचा आराखडा. तिनं त्यांना एका रिकाम्या खाटेवर आडवं केलं, छातीवर त्यांच्याच स्वयंपाकघरातला ट्रे ठेवला, त्यात काठोकाठ सूप, आणि म्हणाली, "घ्या." त्यांनी मान उचलली, ट्रे कलला. मान खाली ठेवली, चमचा पोचेना. दहा मिनिटं ते छताकडे बघत पडून होते.

"वाडगा खोल पाहिजे," ते शेवटी म्हणाले.

"मला नका सांगू," घडीताई म्हणाली. "तुमची माणसं किती आहेत?"

"अकरा."

"मग अकरा खाटा बघायला हव्यात," ती म्हणाली, आणि त्यांचा चार पानांचा आराखडा हातात घेऊन दुमडत दुमडत मोठ्या बाईंच्या खोलीकडे निघाली.